आबांचं दहाव्याचं भाषण

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, दहाव्याला जायची भारी हौस होती. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कुणाचाही दहावा असो, ओळख असो-नसो, हे सकाळी सातला धुतलेली टोपी घालून तयार. विधीशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. आमच्याकडे नदीच्या घाटावर माईक लावून श्रद्धांजलीची भाषणं होतात, ती ऐकायला ते जायचे. आणि घरी येऊन चुका काढायचे.

"म्हणं मनमिळाऊ व्हता. सख्ख्या भावाशी बांधावरून वीस वर्सं बोलला न्हाई."

गेलेल्या माणसाला उठून उत्तर देता येत नाही म्हणून लोक काहीही ठोकून देतात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा आपलं भाषण आपण जिवंत असतानाच लिहून घ्यायचं आणि तपासायचं, असं त्यांनी ठरवलं. लिहिणार मी, कारण घरात बीए मी एकटीच. मेंढरांमागं फिरलेल्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी मी, आणि याचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. मी नारायणगावला कॉलेजात जायची तेव्हा आबा रोज फाट्यावर येऊन उभे राहायचे. मला जीपमध्ये आत जागा मिळेपर्यंत ड्रायव्हरला हलू द्यायचे नाहीत. त्यामुळे मी हौसेनं चार पानं लिहून काढली.

"लांब हाये. लोकांना शेतात जायचं असतं, बीए."

मी दोन पानं केली. त्यात 'डोंगराएवढा माणूस' असं होतं.

"डोंगर कशाला? पाच फूट दोन इंच हाये मी."

दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ते बेचाळीस वर्षं पायी घाट उतरून कोकणात गेले, असं लिहिलं. तर म्हणे एक्केचाळीस. एका वर्षी पाय मोडला होता. तोही लिही म्हणाले. असं तीन वर्षं चाललं. मी परीक्षेचे पेपर इतक्या वेळा लिहिले असते तर कलेक्टर झाले असते.

खरं भांडण एका शब्दावरून व्हायचं. मी दर वेळी 'शिक्षणप्रेमी' लिहायची आणि ते दर वेळी खोडायला लावायचे.

"मला शिकवलं ना तुम्ही?"

"तुला शिकवलं. तुझ्या आत्याला शाळंतून काढलं, ते कोण सांगणार?"

आत्या ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्या वडिलांची बहीण. ती शाळेत असताना एका वर्षी मेंढरं कोकणात न्यायची वेळ आली आणि मुक्कामावर कोकरं राखायला कुणी नव्हतं. आबा स्वतः शाळेत गेले आणि भरल्या वर्गातून तिला हाताला धरून घेऊन आले. ती परत शाळेत गेली नाही.

"ल्ही," म्हणाले. "पोरीला सातवीतून काढली, ती माझी चूक झाली. आसंच ल्ही."

"आबा, हे आत्याला सांगा ना. कळंबला तर राहते."

"तिला काय सांगायचं? तिला म्हाईत हाये."

"मग मी कशाला वाचू?"

"चार लोकांत काढली व्हती, चार लोकांतच सांगायची."

माझं डोकं तापायचं. स्वतः धडधाकट, लेक दर सोमवारी कालवणाचा डबा घेऊन समोर येऊन बसते, तिच्याशी पावसापाण्याचं बोलतात, आणि चूक कबूल करायची मी, तीही हे गेल्यावर. मी हे तोंडावर बोललेसुद्धा. त्यांनी कानटोपी खाली ओढली आणि कूस बदलली.

मागच्या हिवाळ्यात, कांद्याची लागण चालू असताना, आबा गेले. दहाव्याच्या आदल्या दिवशी नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, कागद वाचला.

"हे वाक्य काढ. पाहुणे येणार, पुढारी येणार."

"आबांनी सांगितलंय."

"आबा गेले. दोन बुकं शिकलीस म्हणून घाटावर म्हाताऱ्याचे वाभाडे काढतीस का?"

मी कागद परत घेतला. काढते म्हणाले नाही आणि ठेवते असंही म्हणाले नाही.

घाटावर पुढारीच पुढारी. एकाला माईक दिला म्हणून दुसऱ्या पक्षाच्यालाही द्यावा लागला. तिसऱ्यानं माझ्याकडे हात करून सांगितलं, "नातीला पदवीधर करणारे असे शिक्षणप्रेमी आबा." तीन वर्षं खोडलेला शब्द त्यानं एका दमात माईकवर सांगून टाकला. आत्या बायकांत पुढेच बसली होती, तोंडाला पदर लावून.

माझी पाळी आली तेव्हा नाना घड्याळ दाखवत होते. मी एक पान वाचलं. मोडलेल्या पायाला लोक हसले. मग ते वाक्य आलं. नानांनी मान हलवली, नको म्हणून. मी जसं होतं तसं वाचलं. सगळा घाट गप्प झाला वगैरे काही नाही. मागं बायका बोलतच होत्या, एक जण खोकत होता. नाना नदीकडे बघत राहिले. आत्यानं मान वर केली नाही आणि मला वाटलं, झालं, आता ही जन्माची तुटली.

जेवणाच्या पंगती उठल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"त्या शिक्षणप्रेमीवाल्याला कुणी बोलावलं व्हतं गं?"

"नानांनी."

"कागद दाखव."

तिनं ओळीखाली बोट धरून वाचला. सावकाश, पहिल्यापासून. शेवटाला आल्यावर बोट थांबलं.

"सातवी न्हाई. सहावी व्हती. सातवीत जायाला मिळालंच न्हाई."

"आत्या, त्यांनी तीन वर्षं तपासलाय हा कागद."

"तपासला आसंल. शाळंत घालाया आई आली व्हती. ह्यांना काय म्हाईत कितवी? दुरुस्त कर."

मी पर्समधून पेन काढला, 'सातवी' खोडून 'सहावी' केलं. तिनं कागद घेतला आणि ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

"आक्षर लई बारीक काढतीस," म्हणाली, आणि घडी घालून आपल्या पिशवीत ठेवला.