पिकअपखालची परात आणि आमचे हे

सुमनताई, गुडघा कसा आहे? भाऊजी, खोकला थांबला का? मंदा, बाळाचा ताप उतरला ना? सगळे बरे असाल असं धरून आजची कटकट सांगते.

आमच्या भाजीच्या पिकअपचं गिअर ऑइल बरेच दिवस गळत होतं. सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली, पार्किंगमध्ये तेलाचे डाग चालणार नाहीत. यांनी गॅरेजला जायचं सोडून गाडीखाली माझी जुनी परात सरकवली. डाग बंद, तक्रार बंद, हे खूश.

आज मार्केट यार्डातून भाजी भरून कात्रजच्या खानावळीकडे निघालो, तर वाटेत चढावर गिअरच पडेना. खानावळीच्या बाई फोनवर फोन करताहेत, कोथिंबीर माना टाकतेय, आणि हे म्हणतात, "जरा दम खाऊ दे गाडीला."

मेकॅनिक आला, खाली वाकून बघितलं. "काका, कधीपासून गळतंय?"

"आजच दिसलं."

"मग आतलं तेल काय तुम्ही प्यालात?"

शेवटी भाजी रिक्षात घालून मीच पोचवली. तोवर जेवणाची वेळ टळून गेली होती. बाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून आम्ही दुसरीकडे बघतो." इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक हो!

डाग दिसेनासा झाला की दुखणं गेलं, असं या पुरुषांना का वाटतं? तुमच्याकडेही आहे का असं कुणी?

सकाळी बाईंची समजूत काढायला मी जाऊ, की यांनाच पाठवू? त्याआधी लिहा, वाट बघते.