खिंडीतला दगड

धरणाच्या वरच्या वाडीत मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा आठ दिवसांत बदलीचा अर्ज टाकायचा, हे मी नाशिकहून निघतानाच ठरवलं होतं. जुनी गाडीवाट धरून निघालो, तर ती सरळ पाण्यात शिरली. मी धरणावर चिडून तिथेच उभा राहिलो.

मागून एक म्हातारी आली. डोक्यावर आवळ्यांची पाटी होती.

"ती वाट धरणात गेली, बाबा. आता वरून जायाचं."

ती पुढे चालू लागली. वळून बघत नसे, पण माझ्या वहाणांचा आवाज थांबला की तीही थांबे.

चढाच्या पायथ्याशी तिने मान जराही न वाकवता पायाच्या बोटांत धरून दोन दगड उचलले. एक मला दिला. खिंडीतल्या देवापुढे येणाऱ्या-जाणाऱ्याने एक दगड ठेवायचा, अशी तिथली रीत. खिंडीत पोचलो, तर तिथला दगडांचा ढीग जेमतेम गुडघ्याएवढा होता.

"एवढासाच?" मी म्हणालो.

"जुना लय मोठा व्हता, तो वाटंसंगं पाण्यात गेला. ह्यो नव्यानं मांडलाय. माणसं चालत्यात, तवर वाढंल."

वाडी दिसताच ती दुसऱ्या पायवाटेने गेली. नाव विचारायचं राहिलं, पुन्हा ती कधी दिसलीही नाही.

अर्ज मी आज लिहू, उद्या लिहू म्हणत राहिलो. पुढे लग्न झालं आणि बायको पहिल्यांदा वाडीला निघाली. चढाच्या पायथ्याशी मी पायाच्या बोटांनी दगड उचलायला गेलो. जमलं नाही. मग वाकून दोन उचलले.