अकरा पाट्या, एक दार

हसू नका, पण बाउक्येला आधी वाटायचं की म्हाताऱ्या हेसलच्या घरातल्या मागच्या खोलीत अकरा मशिनं असणार. तो सांभाळायचा त्या गावच्या मंडळांच्या वेबसाइट अकरा, मग डबेही अकराच. प्रत्यक्षात पावाच्या डब्याएवढा एकच सर्व्हर तिथे घुरघुरत होता. हेसलने समजावलं होतं, दार एकच, पाट्या अकरा. येणारा ज्याचं नाव घेईल त्याच्या घरी त्याला पोचवायचं. नाव अनोळखी निघालं तर सर्व्हर त्याला यादीतल्या पहिल्या घरात ढकलतो. पहिलं घर स्केटिंग मंडळाचं.

त्यानेच घात केला. बाउक्येचा नवरा सीब्रेन गेला. वेळ ठरायच्या आत शोकपत्रिका गेल्या, म्हणून वेळ तिथे पाहावी असं लिहून त्यांवर अंत्यविधी मंडळाच्या साइटचा पत्ता छापला. पत्त्यात गावाचं नाव, आणि ते इथे दोन तऱ्हांनी लिहितात, गावच्या फ्रिजियन बोलीत आणि देशाच्या डच भाषेत. हेसल हट्टी फ्रिजियन, त्याने सर्व्हरला तेवढंच शिकवलेलं. पत्रिकेवर आलं डच. सीब्रेनच्या ग्रोनिंगन शहरातल्या बहिणीने पत्ता उघडला तर बर्फावर हसणारी माणसं, आणि खाली वाटाण्याच्या सूपचं आमंत्रण. ती फोन लावत राहिली. फोन स्वयंपाकघरात वाजत होता, बाउक्ये चर्चमध्ये. बहीण पोचली तेव्हा माती लोटून झाली होती.

ती बाउक्येशी अजून धड बोलत नाही. गाव म्हणू लागलं, सर्व्हर शहरातल्या कंपनीकडे द्या, म्हातारा चळलाय. हेसल बाउक्येकडे कॉफीला यायचा बंद झाला. एके दिवशी आला तो राजीनामा आणि पासवर्डांची यादी घेऊन.

"हे परत घे," बाउक्ये म्हणाली. "छापखान्याला डच नाव मीच सांगितलं. सीब्रेनच्या घरचे तसंच लिहायचे."

"दोन्ही नावं मी घालायला हवी होती गं," हेसल म्हणाला. पण त्याने कागद खिशात घातले.

मंडळांच्या सभेत त्याने सांगितलं, दोन्ही नावं घातलीत, आणि अनोळखी नाव आलं तर आता अकराही मंडळांची साधी यादी दिसेल, अंत्यविधी मंडळ सगळ्यात वर. स्केटिंगवाला दुर्क उसळला. आजवर आम्हीच वर होतो, आल्या आल्या माणसाला मरण दाखवणार का?

"दुर्क, तुझा बर्फ शेवटचा धरला त्याला सहा वर्षं झाली," हेसल म्हणाला. "अंत्यविधीवाल्यांकडे या वर्षातच सात जण गेले."

दुर्कने आधाराला बाउक्येकडे पाहिलं. तिने बिस्किटांचा डबा झाकून त्याच्यापासून लांब सरकवला.

"बरं बाबा, घाल वर," दुर्क पुटपुटला.