काकूंची दही-साखर

सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीतलं कुठलंही मूल पहिल्यांदा बालमंदिरात निघालं, की समोरच्या काकू वाटी घेऊन जिन्यात हजर. मुलाच्या तळहातावर दही-साखर घालायच्या आणि गुजराती वळणानं दटावायच्या, "चालो, आता रडायचं नाही!" पोरं दचकून रडणं विसरायची.

त्यांची स्वतःची नात मात्र अमेरिकेत. तिच्या शाळेचा पहिला दिवस उजाडला तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ होती. मी बँकेतून येऊन चपला काढतेय, तोच काकूंनी दारातून माझं मनगट धरलं. "लवकर चल, फोन चालू आहे!"

घरात नेऊन म्हणाल्या, "हात पुढे कर." चाळिशीतली मी, मुकाट्यानं हात पुढे केला. माझ्या तळहातावर चमचा रिकामा करून काकू फोनमध्ये ओरडल्या, "घातली गं तुझी दही-साखर! आता रडायचं नाही!"

मग रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडून बारीक आवाज आला, "गोड आहे?"

मी तळहात चाटला. दही चांगलंच आंबट होतं. आनंदाच्या भरात काकू साखरच विसरल्या होत्या.

"खूप गोड आहे गं," मी म्हटलं. "जा आता शाळेत."