अक्कांची अर्धी मात्रा

अक्कांना उशीर सोसत नसे, आणि उशीर त्या मात्रांत मोजत. गाणारी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, पाव मात्रा मागे आली तरी हात वर करून तिला थांबवत आणि शांतपणे म्हणत, "गाडी गेली की. आता पुढच्या गाडीनं ये." पुढची गाडी म्हणजे पुढचं आवर्तन. एकेका मुलीला त्या स्टेशनावर तासभर बसवून ठेवत.

अक्का मूळच्या दुधनीच्या. सोलापुरात चाळीस वर्षं गाणं शिकवत होत्या. घरात कन्नड बोलत, रागवायला मराठी वापरत. मी बँकेत कारकुनी करायचो आणि त्यांच्या साथीला तबला वाजवायचो. मला त्या तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. ठेका बिघडला की कारकून म्हणत.

त्यांची सगळ्यात लाडकी शिष्या सुनंदा लग्न करून कॅनडाला गेली आणि तिचं शिकणं अर्धवट राहिलं. मग मी फोनवर व्हिडिओची शिकवणी सुरू करून दिली. तिची सकाळ, आपली संध्याकाळ. अक्कांनी पहिल्या दिवशी फोनची पूजा करून त्याला भस्म लावलं, ते नेमकं कॅमेऱ्यावर. आठवडाभर सुनंदाला वाटत होतं की सोलापुरात धुकं पडलंय.

भस्म पुसल्यावर खरी अडचण कळली. अक्का इथं हातानं ताल धरत, सुनंदा तिथं गाई, आणि प्रत्येक सम अर्धी मात्रा उशिरा येई. दीड महिना अक्का तिला पुढच्या गाडीनं पाठवत राहिल्या. शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "अक्का, मी तुमच्या टाळीवरच गातेय हो."

मी अक्कांना समजावलं. टाळी तिकडं पोचायला वेळ लागतो, सूर इकडं यायला वेळ लागतो. सुनंदा वेळेवरच आहे.

"म्हंजे ती बरोबर हाय, आनि मला चूक ऐकू येतंय," अक्का म्हणाल्या.

मी सुचवलं की तिच्या बाजूला मोबाइलमधला तबला लावू द्या, म्हणजे हा घोळच नको. अक्कांनी तो तबला मन लावून ऐकला. "तुज्यापेक्षा बरं वाजवतंय," असं म्हणून फोन परत दिला. "पन मला गुरूंनी ताल हातानं दिलाय. तिला मशीनच्या हाती कशी देऊ?"

तेव्हापासून अक्का टाळी देत, अर्धी मात्रा वाट बघत आणि मग समाधानानं मान हलवत. आठवड्यातून पाच संध्याकाळी, तीन वर्षं.

गुरूंच्या पुण्यतिथीला अक्का दरवर्षी गात. तिसऱ्या वर्षी माझी सम आली, आणि अक्का तिच्या अर्धी मात्रा मागून आल्या. मला वाटलं, मीच चुकलो. दुसऱ्या आवर्तनात तेच. तिसऱ्या वेळी मी ठेका अर्धी मात्रा लांबवला. आयुष्यात पहिल्यांदा मी तबल्यावर खोटं बोललो. सभागृहात कुणाला कळलं नाही, आणि घरबसल्या थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांनी भराभर अंगठे पाठवले.

मंचावरून उतरल्यावर अक्का म्हणाल्या, "तम्मा, माज्यासाठी थांबलास की तू."

मी म्हणालो, "दोन महिने शिकवणी बंद ठेवा. उशिराची सवय लागलेला कान परत जागेवर येईल."

"दोन म्हैन्यात तिचं गानं सुटंल. माजी सम चाळीस वर्सं येत हुती. आता तिची येऊ दे."

त्यानंतर अक्का मंचावर गायल्या नाहीत. मला सुनंदाचा राग आला. तिचा त्यात काही दोष नव्हता, तरी आला.

पुढच्या पुण्यतिथीला सुनंदा सोलापूरला आली आणि अक्कांच्या जागी गायला बसली. मुखडा घेऊन ती समेवर आली, तिचा सूर आणि माझी थाप एकत्र पडली, आणि सगळ्या सभागृहाची मान हलली. पुढच्या रांगेत बसलेल्या अक्कांची मान तेवढी मागाहून हलली. ते त्यांच्याही लक्षात आलं. मग त्या मान खाली घालून नुसत्या ऐकत राहिल्या.

गाणं संपल्यावर सुनंदा त्यांच्या पाया पडली. "अक्का, सम बरोबर येत होती ना?"

"मला इचारू नको," अक्का म्हणाल्या. "तम्माला इचार."

चाळीस वर्षांत अक्कांनी हा निवाडा कुणावर सोपवला नव्हता.

"बरोबर," मी म्हणालो. "प्रत्येक वेळी."

तेव्हा कुठे अक्कांनी मान हलवली.