अकरा नंबरचं पान

१४ मार्च १९७८, मंगळवार. विसार पाच हजार रुपये, रोख. हजर माणसं पाच: मी, माझी पत्नी, माझा मेहुणा, घराचे मालक आणि त्यांचा मुलगा. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत, जे घर आम्ही घेत होतो त्याच्याच सोप्यात बसून कागद झाला. घराची किंमत बेचाळीस हजार ठरली होती.

मालक सुतार. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, मीही तेच म्हणू लागलो. साठी ओलांडलेली, आणि त्यांच्या घराण्याची त्या गल्लीतली ही तिसरी पिढी. मुलानं जयसिंगपुरात लाकडाचं दुकान ठरवलं होतं आणि त्याचे पैसे जूनअखेर भरायचे होते, म्हणून घर विकायला काढलेलं. कागदावर अट स्वच्छ होती. उरलेले सदतीस हजार तीस जूनपर्यंत दिले नाहीत तर विसार बुडाला.

माझा हिशेब असा होता. विसार देऊन शिल्लक सात हजार सहाशे. बँक घराच्या मूल्यांकनाच्या सत्तर टक्के कर्ज देत असे. बेचाळीस हजारांवर ते एकोणतीस हजार चारशे होतात. विसार धरून बेरीज बरोबर बेचाळीस हजार येत होती. दस्ताचा खर्च वेगळा काढून ठेवला होता. बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी येऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याचा रकाना मी आखला नव्हता, एवढंच.

आता त्या पानाबद्दल. सौदा व्हायच्या आधी मी घर दोनदा बघून दुरुस्त्यांची एक यादी केली होती. माडीची तुळई किडलेली, चौदाशे. वासे, तेवीसशे. जिना धोकादायक, सातशे. मागच्या भिंतीला ओल, साडेअकराशे. कौलं फेरणे, साडेसहाशे. एकूण सहा हजार दोनशे. ही यादी घासाघीस करायला होती. पण पहिल्याच चहाला मिस्त्री आपण होऊन पंचेचाळीसवरून बेचाळीसवर आले, आणि यादी खिशातून बाहेर काढायची वेळच आली नाही. कागद फेकायची मला सवय नाही. मी सरकारी कचेरीत हिशेबनीस. घराची फाइल केली, पानांना नंबर घातले, वर अनुक्रमणिका लावली. यादी अकरा नंबरला गेली.

बँकेत फाइल देताना ते पान मला दिसलं. काढावं असं मनात आलंही. पण काढलं असतं तर दहानंतर बारा आलं असतं. नंबर पडलेलं पान फाइलमधून काढलं म्हणून आमच्या कचेरीत मी स्वतः एका कारकुनाकडून लेखी खुलासा घेतलेला आहे. फाइल तशीच दिली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बँकेचे व्हॅल्युअर घर बघायला आले. टेपनं खालचं मोजमाप घेतलं. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बूट ठेवला, फाइल उघडली, वाचलं आणि बूट परत खाली घेतला.

"हे कुणी लिहिलंय?"

"मीच."

"नीट लिहिलंय," असं म्हणून ते माडीवर न जाताच गेले.

अहवालात घराची किंमत एकोणचाळीस हजार सातशे धरली होती. त्यातून 'अर्जदाराने स्वतः नमूद केलेल्या दुरुस्त्या' सहा हजार दोनशे वजा. राहिले तेहेतीस हजार पाचशे. त्याचे सत्तर टक्के तेवीस हजार चारशे पन्नास. मला कमी पडत होते पाच हजार नऊशे पन्नास.

राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी बँकेच्या पायऱ्या उतरलो, सायकलचं कुलूप काढलं आणि घरी पोचेपर्यंत तो आकडा तीन पद्धतींनी पडताळला. तिन्ही वेळा तोच आला.

तेव्हा आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. नळ पाच बिऱ्हाडांत एक. पत्नीनं मिस्त्रींच्या घरात बाकी काही बघितलं नव्हतं. मोरीतला नळ तेवढा चालू करून पाहिला होता. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं.

"अहो, मग ते पान काढता आलं नाही?"

"नंबर पडला होता."

तिनं हातातला खडा बाजूला टाकला. "मग आता त्या नंबरापायी पाच हजार बुडवायचे का?"

जेवायला बसलो. आमटीत मीठ नव्हतं, हे तिनं सांगितल्यावर मला कळलं.

दुसऱ्या दिवशी अहवाल आणि यादी घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि यादी बोट फिरवत वाचली. बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

"तुळई किडल्याली? माझ्या घराची?"

"काळी पडलीय ना, मिस्त्री. म्हणून..."

"चला वर."

"जिना..."

"चला वो पावणं. पडला तर मी हाय की खाली."

माडीवर त्यांनी माझ्या हातात पटाशी दिली आणि तिच्या मुठीनं तुळईवर मारायला लावलं. आवाज भरीव आला. मी आणखी दोन ठिकाणी मारून बघितलं.

"ऐनाचं लाकूड हाय त्ये. माझ्या बापानं चंदगडासनं आणल्यालं. ऐन काळाच असतोय. काळं दिसलं की किडलं व्हय? मग मी बी किडलोय की!"

वासेही तसेच निघाले. जिन्याच्या तीन पायऱ्या मात्र खरोखरच गेलेल्या होत्या, आणि ते त्यांनी मान्य केलं. मी अहवालाचा आधार घेऊन विचारलं, की किमतीत काही कमी होईल का.

"न्हाय व्हायची. पोराला तीस तारखेला दुकानाचं पैसं भरायचं हाईत." मग यादीची घडी घालत म्हणाले, "आन् कमी केली तर ह्ये तुमचं खरं ठरतंय. चाळीस वर्सं लाकडात गेली माझी. घर इकलं म्हणून नाव न्हाय इकलं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी तिन्ही पायऱ्या नव्या बसवल्या. मी फेरतपासणीचे साठ रुपये बँकेत भरले आणि एक दुरुस्तीपत्रक लिहून फाइलच्या शेवटी लावलं. अकरा नंबरचं पान जागेवरच ठेवलं. व्हॅल्युअर पुन्हा आले. त्यांना जिना चढायला लावून मिस्त्रींनी पटाशी त्यांच्याही हातात दिली. तुळई, वासे, जिना, एवढी वजावट त्यांनी सोडली. भिंतीची ओल आणि कौलं तशीच धरली, आणि ते योग्यच होतं. नवं मूल्यांकन सदतीस हजार नऊशे. कर्ज सव्वीस हजार पाचशे तीस. तरीही दोन हजार आठशे सत्तर कमीच.

ते कुठूनच उभे राहिले नाहीत. प्रॉव्हिडंट फंडाच्या अर्जाला ऑक्टोबर उजाडणार होता. २८ जूनला दस्त नोंदवायला गेलो, तेव्हा कचेरीच्या ओट्यावर मी मिस्त्रींना तसं सांगितलं. आता ते उठून जातील, पाच हजार गेले, असं मी मनात धरून टाकलं होतं. त्याचंही काही वाटत नव्हतं.

त्यांनी चष्मा धोतराला पुसला. म्हणाले, "दिवाळीच्या आत द्या. दुकानाचं तेवढं पैसं पोरगं थांबवंल."

"मी लिहून देतो."

"नगं. लिवलं की तुम्ही त्याला नंबर घालताय."

आत जाऊन त्यांनी सगळी रक्कम पोचल्याचं मान्य करून अंगठ्याचा ठसा दिला, खाली सही केली. शेजारी मी सही केली. जाणूनबुजून खोट्या वाक्याखाली सही करण्याची माझी ती पहिली वेळ.

जुलैत राहायला गेलो. पत्नीनं पहिल्या दिवशी घरातलं एकूण एक भांडं पाण्यानं भरून ठेवलं. मी माडीवर जाऊन तुळईखाली उभा राहिलो. आपलं घर झालं की काही वाटेल अशी अपेक्षा होती. तुळईची लांबी मोजली आणि खाली आलो.

फंडातून दोन हजार मिळाले. आठशे सत्तर घरखर्चातून काढले. त्यात नवी चादर आणि माझा चष्मा राहिला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी एसटीनं जयसिंगपूरला गेलो. मिस्त्री दुकानात फळ्यांच्या थप्पीवर बसले होते. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या.

"पंच्याऐंशी राह्यलं की."

"कसले?"

"जिन्याच्या फळ्यांचं. तीन फळ्या."

"मला वाटलं, ते तुम्ही..."

"काय वाटलं? फुकट? मजुरी धरली न्हाय मी. लाकूड इकत आणलंय."

माझ्या एकाही कागदावर ते पंच्याऐंशी नव्हते. खिशात ब्याण्णव होते. परतीच्या तिकिटाला सात राहिले.

२२ ऑक्टोबर १९७८. घराचे उरलेले दोन हजार आठशे सत्तर आणि फळ्यांचे पंच्याऐंशी, एकूण दोन हजार नऊशे पंचावन्न रुपये, रोख, मिस्त्रींच्या हातात. पावती घेतली नाही.