साक्षीदार क्रमांक एक

घर आमचं व्हायच्या आधीच बाबांनी दारावरची पाटी करून आणली होती. आम्ही तेव्हा घरमालक गुरुजींना नुसता बयाना दिला होता, म्हणजे व्यवहार पक्का ठरल्याची रक्कम. खरेदीखत अजून व्हायचं होतं. तरी बाबा कशाला तरी नांदेडला गेले आणि येताना संगमरवराचा एक पांढरा तुकडा पोत्यात गुंडाळून घेऊन आले. वर त्यांचं पूर्ण नाव, खाली ‘सेवानिवृत्त, रेल्वे’. अक्षरं खोल कोरलेली, आत काळा रंग भरलेला. आईनं पाटी पाहिली आणि म्हणाली, "बाजारात तुरी." पुढची म्हण तिनं पुरी केली नाही, करायची गरजही नव्हती.

बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते. गाड्यांचे सांधे बदलण्यात त्यांचा जन्म गेला. परळी, मानवत रोड, मधे कुठकुठली लहान स्टेशनं, आणि शेवटी पूर्णा. जिथं बदली तिथलं क्वार्टर. क्वार्टरला नंबर असतो, नाव नसतं, हे बाबा फार वेळा म्हणायचे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं आणि आम्ही पूर्णेतच भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. तेव्हापासून स्वतःच्या घराचं त्यांनी मनावर घेतलं. त्या घरात किती खोल्या असाव्यात याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. पाटी कशी असावी याचा मात्र पुरता केला होता.

घर सापडलं ते एका निवृत्त गुरुजींचं. स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, मागं धुणं धुवायला दगड. गुरुजींना आता पोखर्णीला, आपल्या गावी राहायला जायचं होतं. माणूस सज्जन, भाव वाजवी. एकच अडचण होती. गुरुजींचं पंचांगावाचून पान हलत नव्हतं आणि आमच्या घरात पंचांगच नव्हतं. आम्ही बौद्ध. आमच्याकडं कॅलेंडर असतं ते दुधाच्या खुणा करायला.

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुठलीही गोष्ट ‘असंच असतं’ म्हणून मला पटत नाही. परभणीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. दिवसभर पुस्तकांत असूनही माझी ही हौस भागत नाही. तेव्हा रजिस्ट्रीच्या चौकशीला बाबा निघाले, तशी मी सुटी टाकून त्यांच्या मागं निघाले.

कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एक बॉण्ड रायटर बसायचा. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं, सगळं तोच लिहून द्यायचा. त्यानं मुद्रांक शुल्काचा आकडा सांगितला, वर नोंदणी फी वेगळी. मी विचारलं, "घर गुरुजींचं, पैसा आमचा. मधे सरकारनं काय केलं?"

बाबांनी कपाळाला हात लावला. पण बॉण्ड रायटर रागावला नाही.

"मॅडम, सरकार साक्षीला उभं ऱ्हातंय," तो म्हणाला. "उद्या कुणी उठून म्हणलं हे घर माझंय, तर तुमी काय करणार? गल्लीतल्या माणसाला बोलावणार? त्यो मरून गेला तर? सरकार मरत न्हाई. त्याची मजुरी हाय ही."

मला हे उत्तर फार आवडलं. मजुरी जरा जास्तच वाटली, ते सोडा.

मग त्यानं कॉम्प्युटरवर आमच्या गल्लीचा सरकारी भाव काढून दाखवला. हे मला ठाऊकच नव्हतं. प्रत्येक भागातल्या जागेचा एक भाव सरकार ठरवून ठेवतं. आपण कितीला घेतलं आणि सरकारच्या हिशेबानं ते कितीचं आहे, यातला जो आकडा मोठा त्यावर शुल्क लागतं. म्हणजे गुरुजींनी आम्हाला घर फुकटात दिलं असतं तरी सरकारनं आपल्याच भावानं वाटा घेतला असता! त्या आठवड्यात मी पूर्णा-परभणी गाडीत रोज हेच वाचत बसले. शेजारच्या बाईंनी मला तलाठ्याच्या परीक्षेला शुभेच्छा दिल्या.

पण घोळ झाला तो पुढच्याच वाक्यानं. बॉण्ड रायटर सहज म्हणाला, "घर बाईच्या नावानं घ्या की. एक टक्का माफ हाय."

"दोघांच्या नावानं?" बाबांनी विचारलं.

"न्हाई. एकट्या बाईच्या. नवऱ्याचं नाव संगं लागलं की माफी गेली."

बाबा एकदम ताठ झाले. आयुष्यभर जोड्याच्या टाचा बदलून बदलून वापरणारा माणूस. भाजीवाल्याकडून कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय न हलणारा. तो म्हणाला, "दोघांचं टाका. जास्तीचं काय ते मी भरतो."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पोत्यातल्या त्या पाटीवर एकच नाव होतं. दोघांचं म्हणताना बाबांनी आपल्या परीनं मन मोठं केलं होतं.

निघताना मी बॉण्ड रायटरला विचारलं, बायकांना माफी का? त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "लाडक्या असत्यात म्हणून," तो म्हणाला. हे उत्तर मला मुळीच आवडलं नाही.

खरं उत्तर त्याच संध्याकाळी मेथी निवडताना मिळालं. आई मेथी निवडत होती आणि मी तिला एक टक्क्याची गोष्ट सांगत होते. बाबा खुर्चीवर पेपर धरून बसले होते आणि वाचत नव्हते.

"ह्यांचंच टाका की," आई म्हणाली. "पाटी बी झालीय. माझं नाव कशाला?"

मी भलतंच विचारलं. "आई, तुला सगळ्यात कुठलं क्वार्टर आवडायचं?"

"कुठलंच न्हाई."

"असं कसं? मानवत रोडचं तर केवढं मोठं होतं. मागं पेरूचं झाड होतं."

"आवडून घेतलं की सोडताना जड जातंय," ती म्हणाली. "म्हणून आवडूनच घेत न्हवते. कुठल्या भिंतीला खिळा सुदा ठोकला न्हाई मी."

माझा हात मेथीतच राहिला. खरंच होतं ते. आमचा आरसा कायम खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेला असायचा. कपडे खिडकीच्या गजांना बांधलेल्या दोरीवर. बुद्धाची तसबीर लोखंडी पेटीवर, भिंतीला टेकून. मैत्रिणींच्या घरी भिंतीभर फोटो असायचे आणि मला वाटायचं, आपल्या आईला फोटो आवडत नाहीत. इतके प्रश्न विचारत आले मी, आणि हा एक विचारायचा कधी सुचला नव्हता.

पेपर खाली आला. "रेल्वे कुठं खिळ्याला नको म्हणायली व्हती?" बाबा म्हणाले.

"रेल्वे न्हवती म्हणत," आई म्हणाली. "मीच म्हणत व्हते."

तिनं काड्या गोळा केल्या आणि ती आत गेली. बाबांनी पुन्हा पेपर उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार. शुल्क ऑनलाइन भरायचं, म्हणून मला सोबत घेतलं. शेडमध्ये पोचताच बॉण्ड रायटरला म्हणाले, "एकटीचं टाका. तिचं."

"शाबास! एक टक्का वाचला."

"टक्क्याचं सोडा वो," बाबा म्हणाले. आवाज असा की त्यानं लगेच कीबोर्ड पुढं ओढला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "घरी बोलू नको. न्हाई तर ती आडवी लागंल." मला ‘का’ विचारायचं होतं. मी फोन काढला आणि मुकाट्यानं शुल्क भरलं.

रजिस्ट्रीचा दिवस ठरवताना वेगळीच मजा. कचेरीत गर्दी इतकी की नंबर लागेना. बॉण्ड रायटर म्हणाला, सोमवारी सगळं रिकामं आहे, पण अमावस्या आहे, कुणी घर घ्यायला येत नाही. बाबा लगेच म्हणाले, "मग आमाला तर लयच चालती." गुरुजींनी पंचांग काढलं, चष्मा पुसला, बराच विचार केला. "देणाऱ्याला तेवढी बाधत न्हाई म्हणा," ते म्हणाले. "अन् दुपारी जेवायच्या सुमाराला संपायलीय. त्यानंतर अंगठा देऊ."

सोमवारी कचेरीत खरोखरच शुकशुकाट होता. बाराच्या आतच आमचा नंबर आला आणि गुरुजींचा चेहरा उतरला. बॉण्ड रायटरनं आईला फुल्या केलेल्या जागा दाखवल्या, तिनं प्रत्येक पानावर सावकाश सह्या केल्या. दोघांचं घर आहे या समजुतीत ती सह्या करत होती. तिनं ऐन वेळी नको म्हटलं तर? तिला मी ओळखते. एकदा नको म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो व्हायचं नाही.

रजिस्ट्रार साहेबांनी मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला. "दस्त वाचला ना?"

या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. आई म्हणाली, "न्हाई."

साहेबांनी मान वर केली. बाबांनी खाली घातली.

"वाचून दाखवतो की मी!" गुरुजी टुणकन उठले. त्यांची अमावस्या अजून सरायची होती, त्यांना तर देवच पावला. "घाई काय हाय? मागं कोण हाय का? कुणीच न्हाई." आणि चौथीच्या वर्गाला धडा वाचून दाखवावा तसं त्यांनी खणखणीत आवाजात सुरू केलं.

"लिहून घेणार." पुढं आईचं पूर्ण नाव, वय, व्यवसाय गृहिणी, राहणार पूर्णा. मग, "लिहून देणार," आणि स्वतःचं नाव गुरुजींनी थोडं जास्तच जोरात वाचलं.

"थांबा गुरुजी," आई म्हणाली. "एक नाव राह्यलं."

"न्हाई ओ ताई. एवढंच हाय."

"ह्यांचं राह्यलं. नीट बघा."

गुरुजींनी पानं उलटली, पार शेवटी गेले. "हे की. साक्षीदार क्रमांक एक."

आईनं बाबांकडं पाहिलं. "तुमी साक्षीदार?"

बाबा पॉइंट्समन होते, वक्ते नव्हते. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "साक्षीदार म्हंजी ज्यानं डोळ्यानं बघितलं त्यो," ते म्हणाले. "तू किती घरं झाडून-पुसून रिकामी करून दिलीस, ते मी बघितलंय. माझ्याबिगर दुसरा कोण साक्षीदार हाय तुला?"

माझे डोळे भरून आले आणि मी भिंतीवरचा फीचा तक्ता वाचत उभी राहिले.

साहेब म्हणाले, "मग, मान्य आहे का बाई?"

"आधी पुरं ऐकू द्या," आई म्हणाली.

गुरुजींनी पुरं वाचलं. चारही दिशांना काय काय आहे ते वाचलं. धुण्याचा दगड लिहायचा राहिलाय, असं मधेच थांबून सांगितलं. शेवटी आलं, "सदर मिळकतीचा प्रत्यक्ष कब्जा आज रोजी दिला असून तिचा उपभोग लिहून घेणार यांनी मालकी हक्काने, निर्वेधपणे, वंशपरंपरेने घ्यावा."

"ते परत एकदा," आई म्हणाली.

गुरुजींनी परत वाचलं, या वेळी हळू.

"म्हंजी कुणी उठवणार न्हाई. असंच ना?"

"कुणीच न्हाई, ताई. मी बी न्हाई."

"मग मान्य हाय," आई म्हणाली आणि तिनं अंगठा पुढं केला. मशिनवर तो पहिल्याच झटक्यात उमटला. कॅमेऱ्यासमोर तिनं पदर नीट केला. तोवर दीड वाजला होता, गुरुजींची अमावस्याही संपली होती. त्यांनीही अंगठा दिला आणि ते पेढे आणायला निघाले.

राहिली पाटी. खोल कोरलेलं नाव खोडता येत नाही, असं पूर्णेतल्या कारागिरानं सांगितलं. बाबा म्हणाले, खोडू नकोस, मागच्या बाजूला तिचं कोर. आता दारावर आईचं नाव आहे आणि बाबांचं भिंतीकडं तोंड करून सिमेंटमध्ये बसलंय. नगरपालिकेत घरपट्टी भरायला बाबाच जातात. तिथं कुणी मालक कोण विचारलं की सांगतात, "मालकीण घरी हाय."

राहायला गेलो त्या दिवशी सामान अजून दारातच होतं. आईनं बाबांच्या पेटीतून हातोडी मागून घेतली. पुढच्या खोलीत गेली, भिंतीसमोर जरा वेळ थांबली आणि एक खिळा ठोकला. तो वाकडा बसला. मी विचारलं, "काय लावायचंय तिथं?"

"काही न्हाई," ती म्हणाली.

आरसा नंतर दुसऱ्या खिळ्याला लागला, तसबीर तिसऱ्याला. त्या पहिल्या खिळ्याला तिनं अजून कुणाला काही टांगू दिलेलं नाही.